नाटकाला जायचंय, सोबत व्हीलचेअर आहे, पांढरी काठी आहे, कानाचं मशीन आहे, तर तयारी कशी करायची

मागे एकदा आम्ही नाटकाला गेलो होतो, आठ जण आणि सोबतीला आम्ही तिघं. आठातल्या तिघांना व्हीलचेअर, एक ताई पूर्ण अंध, दोघांना कमी ऐकू येतं आणि दोघांना बौद्धिक अक्षमता. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की काळजी करू नका, फोन केलाय, रॅम्प आहे म्हणालेत. रॅम्प होताच. फक्त तो चढून वर गेलं की पुढे तीन पायऱ्या होत्या, त्यांचं कोणी बोललं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग काय, तिथल्या चार लोकांनी धरून एकेक व्हीलचेअर उचलली, येणारे-जाणारे थांबून बघतायत, आणि आमच्यातले एक दादा, पन्नाशीचे, ते अंग चोरून डोळे मिटून बसले होते. परत येताना एवढंच म्हणाले की नाटक चांगलं होतं रे, पण मला सामानासारखं नेलंत.

त्या दिवसापासून मी फोनवर विचारायची पद्धतच बदलली. जे काही शिकलो ते इथे लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर बघा. सगळं क्रमाने नाहीये, जसं आठवेल तसं आहे.

पहिला मुद्दा रॅम्पचा नाहीच मुळी. पहिला मुद्दा कोणतं नाटक बघायचं हे कोण ठरवणार हा आहे. चाळीस चाळीस वर्षांच्या माणसांना सरळ बालनाट्याला नेऊन बसवतात, का तर त्यांना समजायला सोपं. अरे पण ती मोठी माणसं आहेत, त्यांनाही लफडी, भांडणं, खून, नवरा-बायकोची कटकट बघायची असते. सगळे संवाद कळले नाहीत तरी चेहरे कळतात, आवाज कळतो, गाणं कळतं, आणि खरं सांगायचं तर सगळे संवाद आपल्याला तरी कुठे कळतात. दोन-तीन नाटकांची पोस्टर्स दाखवा, मोबाईलवर झलक असेल तर ती दाखवा, बोलता न येणाऱ्याला बोट दाखवू द्या किंवा नजरेने सांगू द्या. एक गंमत लक्षात ठेवा, काही जण आपण जे सगळ्यात शेवटी बोलतो तेच उचलून सांगतात, म्हणजे "हे की ते" विचारलं की उत्तर "ते". म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून परत विचारायचं, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ती खरी निवड. आणि ज्याला यायचंच नाही त्याला ओढून न्यायचं नाही, ग्रुपचं बुकिंग झालंय म्हणून तर अजिबात नाही.

विषय काय आहे तेही आधी सांगा. गेल्या महिन्यात ज्याचे वडील गेलेत त्याच्यासमोर अचानक स्टेजवर अंत्ययात्रा नको. सांगितल्यावर "चालेल मला" म्हणाला तर प्रश्नच मिटला, पण माहिती असणं त्याचा हक्क आहे.

आता फोन. "तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का" हा जगातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न आहे, त्याचं उत्तर कायम "हो" असतं. त्याऐवजी असं विचारा: गाडीतून उतरल्यापासून बसायच्या जागेपर्यंत एकूण किती पायऱ्या, अगदी एक असली तरी सांगा. मग समोरचा माणूस गप्प होतो, विचार करायला लागतो, आणि खरी माहिती बाहेर यायला लागते. रॅम्प असेल तर उतार विचारा, साधारण नियम एकास बाराचा आहे, म्हणजे 15 सेंटिमीटर उंच चढायचं तर रॅम्प किमान 180 सेंटिमीटर लांब हवा. पुष्कळ ठिकाणी पायरीवर एक फळी टाकलेली असते आणि तिलाच रॅम्प म्हणतात, त्यावरून एकटा माणूस चढूच शकत नाही आणि उतरताना तर तोंडावर पडायची भीती. दरवाजाची रुंदी विचारा, पण त्याआधी आपल्या व्हीलचेअरची मापं घ्या, चाकाबाहेरची हाताने फिरवायची रिंग धरून घ्या, बऱ्याच खुर्च्या 65 ते 70 सेंटिमीटर भरतात आणि वर हाताच्या कोपरांना जागा लागते ती वेगळी. जागच्या जागी पूर्ण वळायचं तर दीड मीटर मोकळी जागा लागते. लिफ्ट असेल तर ती चालू आहे का, किल्ली कोणाकडे असते, आणि तो किल्लीवाला त्या दिवशी ड्युटीवर आहे का हेही विचारा, हसू नका, किल्लीवाला घरी गेलाय म्हणून आम्ही अर्धा तास लिफ्टसमोर उभे राहिलोय.

इलेक्ट्रिक व्हीलचेअर असेल तर ते आवर्जून सांगा. मोठ्या खुर्चीचं नुसतं वजनच 100 किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं, वर माणूस, म्हणजे "उचलू की आम्ही" हा पर्यायच संपला.

जमलंच तर आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन या. मापाची टेप घ्या, सगळ्या वाटेचे फोटो काढा. अपंगांसाठीचं टॉयलेट उघडून बघा, नुसतं दार बघून परत येऊ नका. मी उघडून पाहिलेल्यांपैकी एकात जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि दुसऱ्यात दार आतल्या बाजूला उघडत होतं, म्हणजे खुर्ची आत गेल्यावर दार लागणारच नाही. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि ठरलेलं सगळं मेसेजवर एकदा पाठवा. तोंडी ठरलेलं प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्याच माणसाला माहीत नसतं.

जागांचं गणित जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळे चुकतात. व्हीलचेअरची जागा म्हणजे बऱ्याचदा शेवटची ओळ किंवा अगदी कोपरा, आणि सोबतचा माणूस मागे कुठेतरी. सोबत्याची खुर्ची शेजारीच हवी असं ठामपणे सांगा. पुढच्या ओळीतला माणूस उभा राहिला तर व्हीलचेअरवरच्या माणसाला काही दिसतं का तेही बघा, तुम्ही खाली वाकून त्या उंचीवरून बघितल्याशिवाय हे कळत नाही. काही जणांना आपल्या खुर्चीतून उठून थिएटरच्या खुर्चीत बसायला आवडतं, त्यांना कडेची जागा लागते, खुर्चीचा हात वर होणारा असला तर फारच उत्तम, आणि मग त्यांची व्हीलचेअर कुठे ठेवली जाणार आणि परत कोण आणून देणार हे आधी ठरवायचं. नाहीतर मध्यंतरात तो माणूस अडकून बसतो, खुर्ची कुठल्यातरी स्टोअररूममध्ये आणि ज्याने ठेवली तो चहाला गेलेला. ज्यांना गर्दी, आवाज सहन होत नाही त्यांना बाहेरच्या दाराजवळची कडेची जागा द्या. आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी गठ्ठ्याने बसवायलाच पाहिजे असंही नाही, दोघांना वेगळं बसायचं असेल तर बसू देत की, जोडी असेल तर मुद्दाम बसू देत.

साइन लँग्वेजचा दुभाषी असलेला प्रयोग असेल तर दुभाषी नेमका कुठे उभा राहणार ते विचारून त्याच बाजूची तिकिटं घ्या, दुभाषी आणि स्टेज एका नजरेत दिसलं पाहिजे, नाहीतर टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरत राहते. स्क्रीनवर संवाद लिहून येणार असतील तरी तेच. कानाचं मशीन वापरणाऱ्यांसाठी काही थिएटरमध्ये लूप बसवलेला असतो, म्हणजे जमिनीत किंवा भिंतीत एक वायर फिरवलेली असते आणि आवाज चुंबकीय लहरींमधून थेट मशीनमध्ये येतो, आजूबाजूची खसखस, खोकला मध्ये येत नाही. त्याची खूण म्हणजे कानाचं चित्र आणि त्यात इंग्रजी टी अक्षर. पण मशीनमध्ये टी-कॉइल, म्हणजे लूपचा आवाज पकडणारी तारेची छोटी गुंडाळी, असावी लागते आणि ती चालू करावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मशीन घेताना कोणी सांगितलेलंच नसतं. शिवाय लूप प्रत्येक जागेवर सारखा चालत नाही, कुठल्या ओळीत नीट येतो ते विचारा. काही ठिकाणी लूपऐवजी हेडफोन देतात, ते प्रयोगाच्या पंधरा मिनिटं आधी घेऊन तपासायचे, अंधार झाल्यावर नाही. जादा बॅटरी खिशात.

अंध ताईंमुळे मला ऑडिओ डिस्क्रिप्शन हा प्रकार कळला. संवादांच्या मधल्या शांततेत एक माणूस कानातल्या यंत्रावर सांगत राहतो की ती खिडकीजवळ गेली, त्याने पत्र फाडलं, वगैरे. नाटकात हे 1981 साली वॉशिंग्टनच्या अरिना स्टेज थिएटरमध्ये मार्गारेट आणि कोडी फान्स्टील यांनी पद्धतशीर सुरू केलं, आणि मार्गारेट यांना स्वतःला नीट दिसत नव्हतं. काही ठिकाणी प्रयोगाआधी टच टूर पण असते, स्टेजवर जाऊन सेट, कपडे, तलवारी हाताने चाचपून बघायच्या, नट आपापल्या आवाजात ओळख करून देतात म्हणजे नंतर आवाजावरून पात्र ओळखता येतं. हे काहीच नसेल तर फोनवर विचारून बघायचं, प्रयोगाआधी दहा मिनिटं स्टेजवर येऊ का. आम्हाला दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा एका बॅकस्टेजच्या पोराने स्वतः हात धरून सगळा सेट दाखवला. तेही नाही जमलं तर घरीच सेट कसा आहे, कोण काय घालतं, कोण कोणाचा कोण हे सांगून ठेवायचं, कारण चालू नाटकात कानात कुजबुजलं की शेजारचे वैतागतात आणि ताईंचे पुढचे दोन संवाद बुडतात. आणि हो, चालताना त्यांनी तुमचं कोपर धरायचं असतं, तुम्ही त्यांचा दंड धरून ढकलायचं नसतं, हे सोबतीला येणाऱ्या नवीन माणसाला घरूनच शिकवून आणा.

लाइट आणि आवाज. इथे हलगर्जीपणा नको. ज्याला फिट येते त्याच्याबद्दल आधी नीट माहिती घ्या. फिटचा आजार असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांनाच लुकलुकत्या प्रकाशाने त्रास होतो, त्यामुळे उगाच सगळ्यांना घरी बसवू नका, पण आपला माणूस त्या तिघांतला आहे का हे त्याच्या डॉक्टरांकडून माहीत करून घ्या. सेकंदाला 3 ते 30 वेळा लुकलुकणारा प्रकाश जास्त धोक्याचा. थिएटरला विचारा की स्ट्रोब लाइट, म्हणजे झपाझप लुकलुकणारा दिवा, आहे का, कितव्या मिनिटाला आहे. अचानक समोर आलाच तर नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतूनही प्रकाश आत येतो, एका डोळ्यावर तळहात पूर्ण दाबून धरायचा आणि तोंड फिरवायचं. फिट आलीच तर वेळ बघा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काहीही घालू नका, धरून दाबू नका, अंग ताठरायचं-झटकायचं थांबलं की कुशीवर वळवा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब अँब्युलन्स.

बंदुकीचा आवाज, धूर, प्रेक्षकांमधून अचानक येणारे नट हेही विचारून घ्या. मिनिटांची छोटी यादी करून सोबत्याच्या खिशात ठेवली की आधी हळूच "आता मोठा आवाज येईल" सांगता येतं. कानावर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन जवळ ठेवा. ऑटिझम असलेल्यांसाठी रिलॅक्स्ड प्रयोग हा प्रकार बऱ्याच देशांत चालू झालाय, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 2011 मध्ये एका मोठ्या म्युझिकलचा असा प्रयोग झाला तेव्हापासून त्याची बरीच चर्चा झाली. त्यात दचकवणारे आवाज आणि लाइट कमी करतात, प्रेक्षागृहात थोडा उजेड ठेवतात, उठून बाहेर जा, परत या, आवाज काढा, कोणी काही म्हणत नाही. मिळाला तर पहिल्या वेळेला तोच घ्या. पण तेवढ्यावरच अडकून राहू नका, माझं मत आहे की साध्या प्रयोगालाही आपली माणसं दिसली पाहिजेत.

अनोळखी जागेची धास्ती वाटणाऱ्यांसाठी फोटोंची गोष्ट करा. ही पद्धत मुळात कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली, सोशल स्टोरी म्हणतात. आम्ही साधीच करतो: हे दार, इथे तिकीट दाखवायचं, ही आपली खुर्ची, मग अंधार होतो, मग लोक टाळ्या वाजवतात, मला नको वाटलं तर मी बाहेर जाऊ शकतो. आठ-दहा पानं पुरतात, मोठ्या माणसाला शोभेल अशी करा, कार्टून नकोत. अंधाराचं पान विसरू नका, आमच्याकडून पहिल्यांदा तेच राहिलं होतं आणि लाइट गेल्यावर एक जण ओरडला "फ्यूज उडाला", अख्खं थिएटर हसलं, तोही हसला, म्हणून निभावलं.

आता शरीराच्या गोष्टी, ज्या कोणी उघड बोलत नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, वापरता येण्यासारखं टॉयलेट एक, आणि मदत घेऊन जाणाऱ्या एकाला साताठ मिनिटं लागतात. करा हिशोब. दोन माणसं होतात, तिसरा राहतो. म्हणून एकाने मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी उठायचं हे आधीच ठरवा, आणि शक्यतो त्यालाच विचारा की कुठला सीन बुडलेला चालेल. आत जायच्या आधी सगळे एकदा जाऊन येणं, युरिन बॅग रिकामी करणं हे तर आहेच. काही जण टॉयलेटच्या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत, विचारलं तर सांगतही नाहीत, त्यांना इन्फेक्शनचा त्रास वेगळाच होतो, तेव्हा टॉयलेट बघून आलोय, नीट आहे, असं त्यांना मुद्दाम सांगा, ते ऐकून माणूस निवांत पाणी पितो. मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांना खाली काही जाणवत नाही त्यांनी दर पंधरा-वीस-तीस मिनिटांनी भार हलवायचा असतो, पुढे वाकून किंवा हातांवर उचलून, नाटकात रंगून गेलं की तेच राहून जातं, म्हणून मोबाईलवर व्हायब्रेटचा अलार्म लावा, पण तो मांडीवर नको, मांडीला कळणार नाही, हातात किंवा शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा. एसीचा गारठा असतो, शाल घ्या. औषधांच्या वेळा बघूनच दुपारचा की रात्रीचा प्रयोग ते ठरवा, रात्री नऊच्या गोळीने झोप येत असेल तर रात्रीचं तिकीट म्हणजे महागडी झोप.

सोबतीला किती माणसं? ज्याला जशी मदत लागते तसं, पण एक माणूस कायम मोकळा ठेवा, कोणाच्याच नावावर नसलेला. कोणी मध्येच बाहेर गेला, गाडीवाल्याचा फोन आला, औषध गाडीत राहिलं, सगळं त्याच्याकडे. हा माणूस नसेल तर एक जण उठला की बाकीच्यांची साखळीच तुटते.

तिकीट ज्याचं त्याच्या हातात द्या. हे छोटं वाटतं पण करून बघा. दारावरचा माणूस सवयीने तुमच्याकडे बघून विचारतो "यांना कुठे बसवायचं", तेव्हा उत्तर द्यायचं नाही, शांतपणे "त्यांनाच विचारा" म्हणायचं आणि गप्प राहायचं. पहिली दहा सेकंद अवघड जातात, मग जमतं.

प्रवासाचं थोडक्यात. माणूस व्हीलचेअरवर बसूनच गाडीत जाणार असेल तर खुर्चीचं तोंड पुढे, खुर्चीला चार बाजूंनी चार पट्टे आणि माणसाला वेगळा बेल्ट, खुर्चीचा स्वतःचा पट्टा म्हणजे सीटबेल्ट नव्हे. पाऊण तास आधी पोचा. आत गेल्यावर पहिलं काम, आग लागली तर काय, हे तिथल्या माणसाला विचारा, कारण आगीत लिफ्ट वापरायची नसते, मग व्हीलचेअरवाले कुठल्या दाराने, कोणाच्या मदतीने बाहेर पडणार ते ठरलेलं हवं. प्रश्न विचारल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात.

नाटक चालू झाल्यावर मग तुम्ही पण नाटक बघा की. सारखं आपल्या माणसांकडे बघत बसू नका. कोणी उशिरा हसेल, कोणी मोठ्याने "हा खोटं बोलतोय" म्हणेल, आणि बहुतेक वेळा तो खरंच खोटं बोलत असतो. पुढच्या ओळीतलं कोणी वळून बघितलं तर एकदा हसून मान हलवा, माफी मागत बसू नका. खरंच फार आवाज होत असेल, त्या माणसालाच त्रास होत असेल, तर मोकळा माणूस त्याला विचारून बाहेर घेऊन जातो, पाणी, पाच मिनिटं शांतता, परत यायचं का विचारायचं. नाही म्हणाला तर नाही. अर्धंच नाटक बघून खूश होऊन घरी गेलेले लोक मी बघितलेत आणि पूर्ण नाटक बसून रडकुंडीला आलेले पण.

एक भर घालतो, नुसतं बघायलाच जायचं असं नाही. ऑस्ट्रेलियात जिलाँगला बॅक टू बॅक थिएटर नावाची कंपनी आहे, 1987 पासूनची, बौद्धिक अक्षमता असलेले कलाकार तिथे स्वतः नाटक रचतात, 2022 मध्ये त्यांना इंटरनॅशनल इब्सेन अवॉर्ड हा नॉर्वेचा नाटकासाठीचा मोठा पुरस्कार मिळाला. आमच्यातल्या एकाला हे सांगितल्यापासून तो प्रत्येक नाटकानंतर मला व्हिलनची नक्कल करून दाखवतो आणि चांगली करतो.

संपल्यावर घाई करू नका. गर्दी निघून जाऊ दे, लिफ्टची रांग संपू दे, गाडीवाल्याला प्रयोग संपायच्या वेळेनंतर वीस मिनिटांची वेळ द्या. आणि घरी जाऊन झोपायच्या आधी वहीत लिहून ठेवा, कुठल्या ओळीतल्या कुठल्या नंबरवरून नीट दिसलं, कुठल्या दाराने सोपं गेलं, लिफ्टची किल्ली कोणाकडे होती. आमच्या वहीत दादांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिलीय, त्या तीन पायऱ्यांच्या थिएटरच्या नावापुढे: बाजूचं दार आहे, सपाट आहे, आधी सांगितलं तर उघडतात.